मेंदूच्या मध्यापर्यंतच्या वाटा

सीटी स्कॅन आला नव्हता त्या काळात कवटीचा साधा एक्स-रे हातात पडला की डॉक्टर आधी एक ठिपका शोधत. पुष्कळ प्रौढांच्या पिनीयल ग्रंथीत वयोमानाने कॅल्शियम साठते आणि एक्स-रेवर ते डोक्याच्या मध्यरेषेत पांढरे उमटते. पट्टी लावून मोजायचे. ठिपका काही मिलिमीटर डावीकडे सरकलेला दिसला, तर उजव्या बाजूला काहीतरी वाढते आहे, एवढे तरी कळायचे. मेंदूच्या आतले दुसरे काहीच दिसत नसताना जेमतेम आठ मिलिमीटर लांबीची ही ग्रंथी हीच काय ती खूण होती.

पण गाठ खुद्द त्या ठिपक्याच्याच जागी उगवली तर काय करायचे? या व्याख्यानात त्या जागेचाच विचार आहे. खोलवरच्या गाठी आणखीही असतात. थॅलॅमसमध्ये, मेंदूच्या पोकळ्यांमध्ये, मेंदूच्या देठात त्या होतात. त्या सगळ्यांचा पाढा वाचण्यापेक्षा एका जागेपर्यंत माणसे कशी पोचली, कुठे अडली आणि कुठून परत फिरली हे पाहिले, तर या शस्त्रक्रियेचे मर्म अधिक नीट कळते, असे प्रस्तुत वक्त्याला वाटते.

देकार्तने १६४९ साली छापलेल्या ग्रंथात आत्म्याचे मुख्य ठाणे याच ग्रंथीत मानले होते. मेंदूत बाकी सगळे जोडीजोडीने आहे, ही तेवढी एकटी, असा त्याचा युक्तिवाद. ग्रंथीचे खरे काम कळायला १९५८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी येल विद्यापीठात आरॉन लर्नर यांनी गुरांच्या पिनीयल ग्रंथींतून मेलाटोनिन हे झोपेच्या लयीशी निगडित संप्रेरक वेगळे केले. तत्त्वज्ञाचा तर्क फसला, पण जागा त्याने नामी निवडली होती. कवटीच्या बाहेरून कुठूनही निघा, तिथे पोचायला सारखेच लांब पडते.

जुन्या वाड्यातल्या मधल्या खोलीला रस्त्याकडे दार नसते, जायचे तर कुणाच्या तरी घरातूनच जावे लागते. पिनीयलचे तसेच आहे. वर मोठ्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कलोझमचा जाड पट्टा. खाली आणि मागे लहान मेंदू. या दोहोंमध्ये टेंटोरियम नावाचा चिवट पडदा. पुढे मेंदूतली तिसरी पोकळी. आणि अगदी अंगावर, गाठीला बिलगून, मेंदूच्या गाभ्यातले रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरा: दोन आतल्या, दोन बाजूच्या आणि त्या मिळून होणारी गेलनची शीर. यांतली एखादी मोठी शीर फाटली, तर गाठ काढूनही रुग्ण हाती लागत नाही.

गाठ वाढली की ती शेजारचा अरुंद मार्ग दाबते. त्या मार्गाने मेंदूतले पाणी खाली उतरत असते. ते तुंबते, पोकळ्या फुगतात, डोके फुटेलसे दुखते, उलट्या होतात. दवाखान्यातल्या भाषेत ‘डोक्यात पाणी झालंय’. दुसरी खूण याहून चमत्कारिक आहे. रुग्णाला वर पाहता येत नाही. डोळे डावीकडे-उजवीकडे फिरतात, खाली जातात, पण फळ्याच्या वरच्या ओळीकडे पाहायचे तर पोराला मान मागे टाकावी लागते. गाठीच्या खालीच डोळ्यांच्या उभ्या हालचालींचे केंद्र आहे, त्यावर दाब येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच नेत्रतज्ज्ञ ऑंरी पारिनो यांनी हा दोष वर्णन केला. आजही एखाद्या मुलाला ‘वर बघ’ म्हटल्यावर तो भुवया उंचावतो आणि बुबुळे जागची हलत नाहीत, तेव्हा स्कॅनआधीच डॉक्टरच्या मनात जागा पक्की झालेली असते.

मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या गाठी पारिनो यांच्या काळात काढून झाल्या होत्या. ग्लासगोत विल्यम मॅकेवेन यांनी १८७९ मध्ये एका मुलीच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली यांनी मेंदूच्या आतली गाठ काढली. हात-पाय हलवणाऱ्या भागात ती असणार, हे केवळ लक्षणांवरून ह्यूज बेनेट यांनी सांगितले होते आणि ती तिथेच सापडली. रुग्ण महिनाभरात जंतुसंसर्गाने गेला, पण गाठीची जागा बाहेरून ओळखता येते हे सिद्ध झाले. खोल गाठींच्या बाबतीत जागा ओळखणे हा निम्मा प्रश्न. उरलेला निम्मा असा, की तिथे जाताना वाटेत कोणाचे नुकसान करायचे?

बर्लिनमध्ये फेडोर क्राउझे यांनी याचे एक उत्तर दिले. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हकिकतीत दहा वर्षांचा मुलगा होता. निदान हेरमान ओपेनहाइम यांचे. क्राउझे मागून शिरले. मानेच्या वर, कवटीच्या मागच्या भागात हाड काढले आणि लहान मेंदू व त्याच्या छतासारखा असलेला टेंटोरियमचा पडदा, या दोहोंमधल्या फटीतून ते पुढे सरकले. या वाटेचा मोठा गुण असा, की मेंदूचा एकही भाग कापावा लागत नाही. फट निसर्गानेच ठेवलेली आहे. शिवाय त्या जीवघेण्या शिरा बहुधा गाठीच्या वर असतात आणि सर्जन येतो खालून. गाठ काढली, मुलगा जगला. १९२६ पर्यंत क्राउझे यांनी असे तीन रुग्ण नोंदवले.

एवढे यश मिळाल्यावर जगाने ही वाट उचलून धरायला हवी होती. तसे घडले नाही. जवळपास अर्धे शतक ती ओस पडली.

त्या काळच्या शस्त्रक्रियागृहाचा विचार केला म्हणजे कारण कळते. कपाळावरच्या दिव्याचा उजेड अरुंद फटीत तळापर्यंत पोचत नाही. भिंग नाही. खोलवरच्या शिरा आणि गाठ यांतला फरक डोळ्याने दिसण्यापेक्षा बोटाला कळायचा. रक्त आले तर ते थांबवण्यासाठी विजेवर चालणारे बोव्हीचे उपकरणही हार्वे कुशिंग यांच्या हाती आले ते १९२६ च्या ऑक्टोबरात. खुद्द कुशिंग यांनी, ज्यांच्या नावावर दोन हजारांवर मेंदूच्या गाठी जमा आहेत त्यांनी, पिनीयलची गाठ काढून टाकायचे धाडस करावे इतकी ती आपल्याला कधीच नीट दिसली नाही, अशा अर्थाची कबुली देऊन ठेवली आहे. मोठ्या माणसाची ही प्रांजळ नोंद कित्येक यशोगाथांपेक्षा मोलाची वाटते.

कुशिंग यांचा एके काळचा सहायक आणि पुढे कट्टर प्रतिस्पर्धी झालेला वॉल्टर डँडी मात्र थांबणारा नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याने आधी कुत्र्याच्या पिल्लांतली पिनीयल ग्रंथी काढून पाहिली आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायची युक्ती त्याने काढली. त्यामुळे तिसऱ्या पोकळीच्या मागच्या टोकाला पडलेला खळगा, म्हणजे पर्यायाने गाठ, प्रथमच दिसू लागली. १९२१ मध्ये त्याने माणसांवरची आपली शस्त्रक्रिया मांडली. त्याची वाट वरून होती. दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीतून उतरायचे आणि तळाशी आडवा येणारा कॉर्पस कलोझमचा मागचा भाग चिरून गाठीवर पोचायचे. जागा ऐसपैस मिळे. मृत्यूही पुष्कळ होत. आणि चिरलेल्या पट्ट्याचे काय? डँडीच्या मते काही नाही. रुग्ण उठत, बोलत, चालत, नातेवाइकांना ओळखत. १९३६ मध्ये त्याने ठासून लिहिले, की या पट्ट्याला आजवर बहाल केलेल्या महत्त्वाच्या कामांतून आता त्याला वगळायला हरकत नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, ट्रेशर आणि फोर्ड यांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. तिसऱ्या पोकळीतली गाठ काढताना या पट्ट्याचा मागचा अर्धा भाग चिरलेला होता. सर्वसाधारण तपासणीत रुग्णात वावगे काही दिसेना. मग नजर समोर खिळवून अक्षरे फक्त डाव्या बाजूला दाखवण्यात आली. वाचता येईनात. डोळे शाबूत, डाव्या बाजूचे दिसतही होते, पण वाचन होत नव्हते. डाव्या हातात चाचपायला दिलेल्या अक्षराचेही नाव सांगता येईना. डावीकडचे दृश्य पोचते उजव्या अर्धगोलात, भाषा असते बहुधा डाव्यात आणि या दोहोंमधला पूल सर्जनने कापला होता. हे पुरते उलगडायला याच पट्ट्यावरचे रॉजर स्पेरी यांचे प्रयोग व्हावे लागले. त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. डँडी खोटे बोलत नव्हता. त्याने रुग्णाला जे विचारले त्याची उत्तरे ठीक आली, एवढेच. शस्त्रक्रियेनंतर ‘रुग्ण उत्तम’ अशी जी नोंद होते, ती कोणत्या तपासणीनंतर झाली, हे विचारायची सवय या एका प्रकरणाने लागायला हवी होती. ती अजूनही सगळीकडे लागलेली नाही.

पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेकांनी शस्त्र खाली ठेवले. नॉर्वेच्या आर्ने टॉर्किल्डसेन यांनी १९३९ मध्ये तुंबलेले पाणी नळीवाटे अडथळ्याला वळसा घालून काढून देण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. पाण्याचा ताण कमी करायचा, मग गाठीला रेडिएशनचा शेक द्यायचा आणि वाट पाहायची, असा प्रघात पडला. काही रुग्ण खडखडीत बरे होत, काही झपाट्याने जात. का, ते कळत नसे, कारण गाठीचा तुकडा कोणी तपासलेलाच नसे. जपानात या जागी शेकाला दाद देणाऱ्या गाठी पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतात. तिथे थोडा शेक देऊन पाहायचा आणि गाठ वितळली तर पुढे चालू ठेवायचे, अशी पद्धत रुळली. पद्धत तर्काला धरून होती. पण दाद न देणारी गाठ असलेल्या लहान मुलाच्या मेंदूला नाहक शेक बसे, ही तिची काळी बाजू.

पालट झाला तो उजेडामुळे. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला थिओडोर कुर्झ यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. तुर्की वंशाचे गाझी याशारगिल अमेरिकेत व्हर्माँटला पीअरडन डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत बारीक रक्तवाहिन्या शिवायला शिकले आणि १९६७ मध्ये झुरिकला परतून त्यांनी न्यूरोसर्जरीची भाषाच बदलली. मेंदू बाजूला ओढण्यापेक्षा त्याच्या घड्या उलगडत, नैसर्गिक फटींतून जाणे ही त्यांची शिकवण. मग १९७१ मध्ये न्यू यॉर्कच्या बेनेट स्टाइन यांनी क्राउझे यांची ओस पडलेली वाट सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा चालून दाखवली. वाट तीच होती, आता तळापर्यंत दिसत होते. योगायोगाने त्याच वर्षी, १ ऑक्टोबरला, विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला.

हीच कथा नाकातून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडे जाणाऱ्या वाटेचीही आहे. इन्सब्रुकमध्ये हेरमान श्लोफर यांनी १९०७ मध्ये ती उघडली. कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात त्या वाटेने २३१ शस्त्रक्रिया केल्या. मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के, त्या काळाच्या मानाने फारच कमी. तरी त्यांनी ती सोडली आणि कवटी उघडून वरून जाणे पसंत केले. त्यांच्या मागे सगळे जग तिकडे वळले. एडिनबरोत नॉर्मन डॉट यांनी ती एकट्याने जपली, पॅरिसच्या जेरार गियो यांनी त्यांच्याकडून घेतली आणि गियोंकडून माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी. हार्डी यांनी १९६० च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. आज पिट्युटरीच्या बहुतेक गाठी नाकातूनच, आणि आता दुर्बिणीने, काढल्या जातात. पहिल्या महायुद्धाआधी सापडलेल्या दोन उत्तम वाटा उजेडाअभावी टाकून दिल्या गेल्या आणि साठ वर्षांनी परत उचलल्या गेल्या. नव्या यंत्राच्या जाहिरातीत ‘क्रांतिकारी’ हा शब्द दिसला की हे आठवावे.

स्टाइन यांच्या पद्धतीने शस्त्रक्रिया करताना रुग्णाला बसवतात. भूल दिलेला माणूस खुर्चीत बसावा तसा टेबलावर असतो, डोके तीन टोकदार खिळ्यांच्या चिमट्यात पुढे झुकवून पक्के केलेले. हाड काढून आवरण उघडले आणि लहान मेंदूला वरच्या पडद्याशी जोडणाऱ्या काही बारीक शिरा जाळून कापल्या, की तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो आणि फट आपोआप रुंदावते. ओढायला कोणी लागत नाही. रक्तही साचत नाही, खाली निघून जाते. तळाशी गाठीवर एरवी पातळ असलेले, इथे दुधट आणि जाड झालेले आवरण असते. ते मध्यरेषेत जपून उघडायचे. सर्जनचे दोन्ही हात तासन् तास पुढे ताणलेले, म्हणून कोपरांना टेकू.

याची किंमत भूलतज्ज्ञ मोजतो. डोके हृदयाच्या वर असल्यामुळे कवटीतल्या शिरांत दाब कमी, कधी बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. शीर उघडी राहिली तर ती रक्त सांडण्याऐवजी हवा आत ओढते. हवेचे बुडबुडे हृदयात जातात. म्हणून छातीवर डॉप्लरचा यंत्रकान लावलेला असतो. त्याचा संथ फुसफुस आवाज एकाएकी खरखरीत झाला आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा कोसळला, की भूलतज्ज्ञ ओरडतो, ‘हवा!’ सर्जन लगेच सगळी जखम सलाइनने भरून टाकतो, हाडाच्या कडांना मेण चोपडतो. टेबलाची डोक्याची बाजू खाली आणतात, हृदयाजवळ आधीच सरकवून ठेवलेल्या नळीतून हवा ओढून घेतात. हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मतः राहिलेले भोक असेल तर हवा थेट मेंदूत जाऊ शकते. म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी इको काढून घेतात आणि तसे भोक असेल तर सहसा बसवत नाहीत.

प्रत्येक गाठीला हीच वाट योग्य असेही नाही. जेम्स पॉपेन यांनी १९६६ मध्ये मांडलेली वाट डोक्याच्या मागून, पण पडद्याच्या वरून जाते. मोठ्या मेंदूचा मागचा खंड बाजूला करून पडदाच चिरायचा. गाठ वर-खाली दोन्हीकडे पसरलेली असेल किंवा पडद्याचा उतार फार उभा असेल, तर ती सोयीची पडते. जोखीम दृष्टीची. तो खंड जास्त ओढला गेला तर समोरचे अर्धे जग दिसेनासे होते. निवड ठरते ती एमआरआयवर शिरा कुठे आहेत यावरून: गाठीने त्यांना वर उचलले आहे, की मागे, सर्जनच्या तोंडावर ढकलले आहे? गाठीचा आकार त्यानंतर.

थॅलॅमसमधल्या आणि पोकळ्यांच्या भिंतींतल्या गाठींसाठी मात्र अशी आयती फट नेहमी मिळत नाही. थोडा तरी मेंदू पार करावाच लागतो. १९८० च्या दशकात पॅट्रिक केली यांनी संगणकाच्या मदतीने नेम धरून बारीक नळीतून अशा गाठी काढल्या. आजच्या पारदर्शक नळ्या तोच विचार पुढे नेतात. मेंदूच्या घडीतून नळी घालायची, म्हणजे ती तंतूंना कापण्याऐवजी बाजूला सारते. तंतू कुठून कसे जातात याचा नकाशा एमआरआयवरून काढायची रीत पीटर बॅसर यांनी १९९४ मध्ये दाखवली. नकाशा देखणा, रंगीत असतो. पण तो शस्त्रक्रियेपूर्वीचा. कवटी उघडून पाणी निघून गेले की मेंदू सरकतो आणि नकाशा खोटा पडायला लागतो. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना सोनोग्राफी करून गाठीची जागा ताजी करून घेतात. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात त्रिमित सोनोग्राफीवर यासंबंधी बरेच काम झाले आहे.

मात्र आज पिनीयलची गाठ दिसली म्हणून कोणी सरळ कवटी उघडत नाही. आधी रक्तातल्या आणि मेंदूतल्या पाण्यातल्या दोन खुणा तपासतात: अल्फा फीटोप्रोटीन आणि बीटा एचसीजी. पहिली वाढलेली असेल तर गाठ एका विशिष्ट, आक्रमक जातीची आहे हे सुरी न लावताच कळते आणि उपचार केमोथेरपीने सुरू होतात. उरलेले काही नंतर काढायचे. दोन्ही खुणा साध्या असतील तर तुकडा हवा. तो जर्मिनोमा या शेकाला दाद देणाऱ्या गाठीचा निघाला, आणि पौगंडावस्थेतल्या मुलांत या जागी ती बरीच आढळते, तर शस्त्रक्रियेचे कामच उरत नाही. शेकाने, बरोबर केमोथेरपी देऊन वा न देता, दहातले नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. क्राउझे, डँडी, स्टाइन यांच्या साऱ्या वाटा अशा मुलासाठी बंदच राहिलेल्या बऱ्या. मोजक्या लहान गाठींना गामा नाइफच्या नेमक्या किरणांचाही पर्याय असतो. ते यंत्र १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये आले.

तुकडा घ्यायची वाट समोरून आहे, आणि तीही जुनी. बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर यांनी १९२३ मध्ये मूत्रमार्गाची दुर्बीण एका बाळाच्या मेंदूत घालून तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडले आणि तुंबलेल्या पाण्याला वाट करून दिली. भिंगे आणि उजेड सुधारेपर्यंत तीही मागे पडली. आता कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागे कवटीला एक छिद्र पाडून दुर्बीण आत जाते, पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याची कोंडी फोडते, आणि त्याच फेरीत मागे वळून गाठीचा तुकडा घेते. अडचण कोनाची आहे. तळाला भोक पाडायचे तर छिद्र थोडे मागे हवे, गाठीकडे पाहायचे तर थोडे पुढे. सरळ, न वाकणारी दुर्बीण एकाच छिद्रातून दोन्हीकडे रेटली, तर वाटेतला फोर्निक्स हा स्मृतीचा तंतुपट्टा दुखावतो. मग कोणी दोन छिद्रे पाडतात, कोणी मधली जागा पकडतात, कोणी वाकणारी दुर्बीण वापरतात, जिचे चित्र किंचित धूसर असते. काही रुग्णांत दोन्ही थॅलॅमसना जोडणारा मधला सांधा इतका जाड असतो, की समोरून गाठ दिसतच नाही. अशा वेळी तुकडा सुईने घ्यायचा, की मागून क्राउझे यांच्या वाटेने जायचे, हे त्या रुग्णाचा एमआरआय समोर ठेवूनच ठरते.